फलाटावरच्या जागा

१२ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज थोडे लिहा. काय वाटते ते नको, काय दिसते ते लिहा. हे बरे झाले. काय वाटते ते लिहायचे असते तर वही कोरी राहिली असती.

वही माझ्या बायकोने, हाइकेने आणली. रजा सहा आठवड्यांची आहे. चिठ्ठीवर आजाराच्या जागी एक अक्षर आणि एक आकडा आहे. त्याचा अर्थ मी शोधला नाही. हाइकेने शोधला असावा, कारण संध्याकाळी तिने रेडिओ लावला नाही.

खिडकीतून समोरच्यांचे गॅरेज दिसते. बंद आहे.

१३ फेब्रुवारी

लाउबिंगन हे आमचे गाव दरीत आहे. मधून ओढा जातो, ओढ्याला धरून रेल्वे. रुळांच्या एका बाजूला चर्च, जुने गाव, अग्निशमन दलाची शेड. दुसऱ्या बाजूला उतारावर वरची वस्ती. ती सत्तरच्या दशकात स्टुटगार्टला नोकरीला जाणाऱ्यांसाठी बांधली. आम्ही वरच्या वस्तीत राहतो. टेकडीवर सफरचंदाची झाडे आहेत आणि टेकडीमागे महामार्ग. वारा पश्चिमेचा असला की महामार्ग ऐकू येतो. नसला की तो नाहीच असे आम्ही धरून चालतो.

माझा जन्म इथला. पण शाळा संपल्यापासून कामाच्या दिवशी दुपारी मी हे गाव पाहिलेले नाही. बहुतेक कोणीच पाहिलेले नाही.

१५ फेब्रुवारी

चालायला सांगितले आहे, म्हणून चाललो. पार्सलच्या दोन गाड्या दिसल्या. त्या बेल न वाजवता खोकी दारात ठेवून जातात. सगळे कामावर गेलेले असतात हे त्यांना माहीत आहे. बालवाडीतला आवाज तीन गल्ल्यांपर्यंत येतो. बाकी काही नाही.

जुन्या गावात, पूर्वी जिथे बेकरी होती त्या घराच्या वरच्या मजल्यावर एन्स्लेबाई खिडकीत होत्या. चौकटीवर उशी ठेवून तिच्यावर कोपरे टेकतात. मी लहान होतो तेव्हाही त्या अशाच असत. तेव्हा त्या बेकरीत पावही विकत.

"कोण मेलं?" त्यांनी वरून विचारले.

मी म्हणालो, कोणी नाही.

"मग या वेळेला तू गावात कसा?"

रजेवर आहे, थकलो आहे, असे सांगितले. मी विमा कंपनीत आहे हे त्यांना ठाऊक आहे.

"बसून बसून थकलास? तुझा बाप रात्री बंबावर असायचा आणि सकाळी सहाला कारखान्यात. तो नाही कधी थकला."

"ते एकसष्टाव्या वर्षी गेले, एन्स्लेबाई."

"तेच म्हणते मी. थकायला सवडच मिळाली नाही त्याला."

हे हसण्यासारखे होते. माझ्या लक्षात आले.

१८ फेब्रुवारी

संध्याकाळी हेगेले आला. तो आमच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुख आणि धंद्याने नळ आणि हीटरचे काम करणारा, त्यामुळे दिवसाही गावातच असतो. आल्या आल्या स्वयंपाकघरातला रेडिएटर चाचपला, मग बसला.

त्याने सांगितले ते मला माहीत होतेच. रात्री पेजर वाजला तर चाळीस जण धावत येतात. सकाळच्या गाड्या निघून गेल्या की उरतात चौघे: हेगेले स्वतः, नगरपालिकेच्या यार्डात काम करणारे सिल्के आणि द्रागान, आणि शाळेची देखभाल करणारा वाल्टर. हेगेलेने हुकूम द्यायचे, म्हणजे मुखवटा लावून धुरात जाऊ शकणारे तिघेच. नियम असा आहे की दोघे आत जाणार असतील तर तसेच तयार दोघे बाहेर उभे हवेत, आतल्यांना काढायची वेळ आली तर. तिघांत हे बसत नाही. तिघे असले की शेजारच्या गावाच्या बंबाची वाट पाहायची. त्यांच्याकडेही दिवसा माणसे नसतात.

"एक माणूस," हेगेले म्हणाला. "पूर्ण गावात दिवसा एक माणूस कमी पडतो."

"त्याला विचारू नकोस, गेरहार्ड," हाइके म्हणाली.

"मी कुठे विचारतोय? मी कॉफी पितोय."

आजारपणाच्या रजेवर असलेल्याने दलाच्या कामाला जायचे नसते. काही झाले तर विमा लागू होत नाही. हे मी रोज कार्यालयात लोकांना समजावतो. हेगेलेला समजावण्याची गरज नव्हती. जाताना त्याने कपाटावरचा पेजर पाहिला. हिरवा दिवा चालू होता.

"उद्या बंद करतो," मी म्हणालो.

त्याने दार ओढून घेतले.

२१ फेब्रुवारी

जुन्या गावात जायला दोन वाटा आहेत. एक स्टेशनखालच्या भुयारी मार्गातून, दुसरी गावाबाहेरच्या गोल चौकापाशी रस्त्याच्या पुलावरून. मी पुलावरून जातो. भुयारी मार्गात पाणी साचते.

हाइकेला सांगितले तर ती म्हणाली, मी रोज तिथून जाते, कोरडा आहे. ती माझ्यानंतरच्या गाडीने जाते. त्या वेळी कदाचित कोरडा असेल.

२५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी नोव्हेंबरविषयी विचारले. हाइकेने त्यांना फोन केलेला दिसतो. मी सांगितले, त्याचा काही संबंध नाही. त्या म्हणाल्या, तरी काय दिसले ते लिहा.

आमच्या फलाटावर प्रत्येकाची जागा ठरलेली असते. कोणी ठरवलेली नाही. गाडीचे दार जिथे उघडते तिथे उभे राहायचे, आणि एकदा उभे राहिलो की ती आपली. जंगलाच्या वाटेवर अनोळखी माणसालाही आम्ही नमस्कार करतो. फलाटावर ओळखीच्यालाही करत नाही. सकाळची वेळ असते, लोकांना शांतता हवी असते. माझ्या डाव्या हाताला दोन मीटरवर एक माणूस उभा राहत असे. हिरवट रंगाची पाठपिशवी, तिच्या चेनला मुलांच्या रंगीत मण्यांचे लटकन. त्याच्या पलीकडे लाल थर्मासवाली बाई. चार वर्षे आम्ही तिघे असे उभे होतो. दार बरोबर त्याच्यासमोर उघडायचे. तो बाजूला होऊन आधी आम्हाला चढू द्यायचा.

नोव्हेंबरात संध्याकाळी पेजर वाजला. रुळांवर माणूस. अशा वेळी दलाचे काम थोडे असते: उजेड करायचा, पडदा धरायचा, लोकांना लांब ठेवायचे. मी दिवा धरला होता. दिवा धरणाऱ्याने हलायचे नसते. उजेडात ती पाठपिशवी होती. लटकन दिसले.

मी दिवा धरून उभा राहिलो, काम संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गाडीने कामावर गेलो. त्याची जागा रिकामी होती. चार दिवसांनी वर्तमानपत्रातून नाव कळले. मात्थियास कोल्ब. दोन मुले.

याहून वाईट मी पाहिले आहे. पंचवीस वर्षे दलात आहे. म्हणून म्हणतो, संबंध नाही.

२७ फेब्रुवारी

काही नाही. पाऊस.

५ मार्च

सकाळी पेजर वाजला. मी बटाटे सोलत होतो. सफरचंदांच्या बागेतल्या एका शेडला आग, आत कोणी आहे का माहीत नाही.

मी रजेवर आहे. पेजर बंद करायला हवा होता. बटाटा हातात धरून बसलो. बंबाचा आवाज जुन्या गावातून निघाला, पुलावरून वर आला, आमच्या गल्लीच्या टोकावरून गेला. मग वारा पश्चिमेचा असल्यासारखे फक्त महामार्ग ऐकू आला.

संध्याकाळी हेगेलेने फोन करून सांगितले. ते तिघे शेडसमोर उभे राहिले, बाहेरून पाणी मारले आणि शेजारच्या गावाची वाट पाहिली. ते आले तोवर छप्पर खाली आले होते. आत कोणी नव्हते.

"हे नंतर कळलं," हेगेले म्हणाला.

त्याने मला काही विचारले नाही. नियम तोच आहे, तो म्हणाला, आणि तो पाळायलाच हवा. मग आमचा रेडिएटर आता गरम होतो का ते विचारले.

६ मार्च

गोल चौकाजवळच्या दुकानात सिल्के भेटली. यार्डाच्या नारिंगी कपड्यांत होती. बटाट्यांच्या पोत्यापाशी माझ्याशेजारी उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"काल तुझं गॅरेजचं दार उघडं होतं. आम्ही तुमच्या गल्लीवरून गेलो."

मी म्हणालो, हो, घरीच होतो.

"बरं. आजारी माणसाने घरीच असावं." तिने एक पोते उचलले, खाली ठेवले, दुसरे उचलले. "द्रागान म्हणत होता, आतून काहीतरी आवाज आला. लाकूडच होतं. पण तिथे उभं राहून ऐकत बसायचं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको."

मला सांगायला नको, हे खरे आहे.

११ मार्च

एन्स्लेबाईंनी वर बोलावले. खालीच जळकट वास येत होता. दूध ठेवून विसरल्या होत्या. स्वयंपाकघरात लाकडाची शेगडी आहे, शेजारी विजेची. टॉवेल दोन्हींच्या मध्ये वाळत असतो. त्याचा एक कोपरा तपकिरी झाला आहे. मी तो काढून खुर्चीवर टाकला. त्यांनी पुन्हा जागेवर टांगला.

"मुलगा हाम्बुर्गहून रोज फोन करतो. म्हणतो, वृद्धाश्रमात जा. तिथे खिडकीतून काय दिसतं, विचारलं. म्हणे बाग. बागेत काय बघायचं? बाग कुठे जात नाही."

इथे दिवसभर काय दिसते असे मी विचारले.

"काही नाही. म्हणून तर नजर ठेवावी लागते." मग म्हणाल्या, "तू रोज पुलावरून येतोस. स्टेशन टाळून."

मी पाण्याचे सांगितले.

"हं," त्या म्हणाल्या.

त्यांनी विचारले, इथे दिवसा आग लागली तर कोण येणार? येतील, मी म्हणालो. नावे सांग, त्या म्हणाल्या. मी चार नावे सांगितली. त्यांनी वाल्टरविषयी विचारले, तो अजून लंगडतो का. मी म्हणालो, नाही, आता बरा आहे.

"आणि तू?"

"मी रजेवर आहे."

"असं होय," त्या म्हणाल्या, आणि मला जेलीची बाटली दिली. रिकामी बाटली परत आणायची, असे दोनदा बजावले.

टॉवेलचे हेगेलेला सांगायला हवे. किंवा मुलाला. उद्या.

१४ मार्च

जेली संपली. हाइकेने बाटली धुऊन दारापाशी ठेवली आहे.

२१ मार्च, गुरुवार

दुपारी पेजर वाजला. धूर, किर्खगासे नऊ, वरचा मजला, माणूस आत असण्याची शक्यता. किर्खगासे नऊ म्हणजे बेकरीचे घर.

जेवण ताटात होते. पुढचे काय दिसले ते क्रमाने लिहितो.

मी सायकल काढली. भुयारी मार्गातून गेलो, कारण दुसरा रस्ता लांबचा आहे. कोरडा होता.

दलाच्या शेडमध्ये माझ्या खुंटीवर माझे कपडे होते. कोणी हलवले नव्हते. सिल्के आणि द्रागान बंबात बसलेले, वाल्टर चढत होता. हेगेलेने मला पाहिले.

"मी रजेवर आहे," मी म्हणालो.

"माहितीय."

"विमा—"

"तुला आत जायचं नाहीये, होल्गर. बाहेर उभं राहायचंय. उभं राहता येईल?"

मला माहीत नव्हते. तसे म्हणालोही.

"चढ," तो म्हणाला.

खिडकी बंद होती आणि काचेमागे करडा धूर होता. उशी बाहेर नव्हती. सिल्के आणि द्रागान मुखवटे लावून जिन्याने वर गेले. वाल्टर आणि मी दाराच्या दोन बाजूंना उभे राहिलो, सिलिंडर पाठीवर, मुखवटा चढवलेला. आमचे काम एवढेच. आतले बाहेर येईपर्यंत हलायचे नाही.

मुखवट्यात आपला श्वास मोठा ऐकू येतो. माझा ऐकू येत होता. वाल्टर माझ्या डाव्या हाताला होता, दोन मीटरवर.

"वाल्टर," मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही."

थोड्या वेळाने मी पुन्हा हाक मारली. त्याने मान वळवली.

"आहे रे मी इथेच," तो म्हणाला. "तू दार बघ."

त्यांनी एन्स्लेबाईंना खुर्चीतून खाली आणले. चेहरा काळा होता, एका पायात सपात होती. रुग्णवाहिकेच्या माणसांनी घेतले. त्या जिवंत आहेत असे कोणीतरी म्हणाले. शेजारच्या गावाचा बंब त्यानंतर वळणावर दिसला.

द्रागानने मुखवटा काढला आणि पायरीवर बसला. सिल्के माझ्यासमोर आली. तिने माझ्या सिलिंडरचा पट्टा ओढून बघितला. नीट बसला होता.

शेडमध्ये परतल्यावर हेगेले अहवाल लिहीत होता. माझे नाव त्याने लिहिले. "दुसरं काही मला लिहिता येत नाही," तो म्हणाला. "कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठव."

टॉवेलचे मी त्याला सांगितले. दहा दिवसांपूर्वी पाहिला होता, तेही. त्याने पेन खाली ठेवले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा उचलले.

संध्याकाळी हाइके आली. दारातच थांबली. माझ्या केसांना वास येत होता.

"तू आत गेलास?"

"नाही. बाहेर उभा होतो."

"बाहेर," ती म्हणाली. "कुणाबरोबर?"

"वाल्टर होता."

ती कोट न काढता टेबलापाशी बसली आणि रडू लागली. मी पाणी दिले. कार्यालयात तिचा दिवस वाईट गेला असावा.

२४ मार्च, रविवार

जिल्हा रुग्णालयात गेलो. एन्स्लेबाई भिंतीकडच्या खाटेवर होत्या, नाकात नळी. मुलगा हाम्बुर्गहून आला होता आणि खाली फोनवर आश्रमाशी बोलत होता.

त्यांनी डोळे उघडले.

"कोण मेलं?" आवाज घासल्यासारखा येत होता.

"कोणी नाही, एन्स्लेबाई."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी नाकातली नळी बोटाने सारखी केली. मग म्हणाल्या, खुर्चीतून नेताना दारात एक जण दिसला. तोंड दिसत नव्हते.

"हात लोंबकळत सोडून उभा होता. तुझा बाप उभा राहायचा तसा. मला वाटलं, तोच आलाय न्यायला. म्हटलं, याला अजून सुट्टी मिळाली नाही वाटतं."

मी म्हणालो, मी होतो.

"कळलं नंतर. तू मागे सरकला नाहीस, जायला जागा दिली नाहीस. खुर्ची अडकली तुझ्यापाशी. बापाला अक्कल होती तेवढी."

बाटली मी बरोबर आणली होती. त्या म्हणाल्या, आता ती कुठे ठेवू? मी ती परत घेऊन आलो.

२६ मार्च, मंगळवार

रजा संपली. नेहमीच्या गाडीसाठी निघालो.

जिना चढून फलाटावर आलो तेव्हा सगळे आपापल्या जागी होते. मधे दोन जागा रिकाम्या होत्या. एक कोल्बची. तिच्या उजवीकडची माझी. सहा आठवड्यांत कोणी सरकले नव्हते. तोंडातले दोन दात गेल्यासारखे दिसत होते.

मी माझ्या जागी जाऊन उभा राहिलो.

लाल थर्मासवाल्या बाईने पाहिले. मान वळवली, पुन्हा पाहिले. थर्मासचे झाकण घट्ट होते ते तिने आणखी फिरवले.

"आम्हाला वाटलं होतं—" ती म्हणाली.

पलीकडचे दोघेही आमच्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणालो. "रजेवर होतो."

तिने मान हलवली. गाडीची सूचना झाली.

"कुणाला विचारायचं तेच कळेना," ती म्हणाली. "नाव माहीत असतं तर विचारलं असतं. तुमचंही नाही, त्यांचंही नाही."

मी माझे सांगितले. होल्गर फिस्टरर. मग त्याचे सांगितले. कोल्ब. मात्थियास कोल्ब.

तिने ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले.

"ब्रेनर," ती म्हणाली. "कार्ला ब्रेनर."

गाडी आली. दार त्याच्या जागेसमोर उघडले. नोव्हेंबरपासून आम्ही त्या जागेला वळसा घालून चढतो. आजही घातला, ती त्या बाजूने, मी या बाजूने. आत जागा होती, पण आम्ही बसलो नाही. दाराशी उभे राहिलो. शहर येईपर्यंत तसेच. उतरताना ती म्हणाली, उद्या भेटू, फिस्टरर.

डाव्या हाताने मी दांडी धरली होती. उतरताना तो हात दुसऱ्या हाताने सोडवावा लागला. दिसला, म्हणून लिहून ठेवतो.